कोपऱ्यातला गाळा

शेटेकाकांची पांढरी गाडी फाटकातून आत शिरली तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. दसरा नव्हता, पाडवा नव्हता, साधा बुधवार होता, आणि सणावाराशिवाय काका आमच्या बाजाराकडे फिरकत नसत. गाडीतून उतरून ते थेट माझ्या कोपऱ्यातल्या गाळ्यात आले, स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि माझ्या मालाकडे बघत राहिले. माझ्या मालाकडे इतक्या प्रेमानं त्याआधी कुणी बघितलं नव्हतं.

"वहिनी, उद्या विकास मंडळाची पाहणी आहे," ते म्हणाले.

मला आधी आनंदच झाला. म्हटलं, चला, कुणीतरी येऊन बघणार तरी आहे.

आमचा बाजार म्हणजे सोलापूर रस्त्यावरचं पूर्वा व्यापार संकुल. आज तिथं टेम्पो उभा करायला जागा मिळत नाही. पण मी सांगतेय त्या दिवसांत तिथल्या व्हरांड्यांत कुत्री झोपलेली असायची आणि मी त्यांना वळसा घालून माझं शटर उघडायचे. रविवार पेठेतल्या बोळात आम्हा प्लास्टिकवाल्यांचा घाऊक बाजार होता. बादल्या, टब, पिंपं, मग, डबे, सगळं तिथं. तो शहराबाहेर हलवला की पेठेतली कोंडी फुटेल आणि व्यापाऱ्यांनाही ऐसपैस जागा मिळेल, असं विकास मंडळानं ठरवलं. त्यासाठी सभा झाली. भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा लावला होता. त्यावर पूर्वेकडे जाणारे लाल बाण होते. शहर या बाजूला वाढणार, पुढच्या दहा वर्षांत सगळा घाऊक धंदा इकडेच येणार, असं एक टायवाले गृहस्थ तासभर सांगत होते. शेवटी शेटेकाका व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले आणि म्हणाले, जाऊ तर सगळे एकदम जाऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फरक एवढाच, की मी त्या खऱ्या समजले. पेठेतलं सासऱ्यांच्या वेळचं दुकान सोडलं, त्याच्या पैशात इथला गाळा घेतला आणि ठरलेल्या दिवशी सगळा माल घेऊन इकडे आले. चिठ्ठ्या टाकून गाळे वाटले होते, त्यात मला मागचा कोपरा आला. बाकीच्या चाळीसेक जणांनीही गाळे घेतले, पण पेठेतलं दुकान कुणी सोडलं नाही. जो तो दुसऱ्याची वाट बघत होता. गिऱ्हाईक नाही म्हणून व्यापारी येत नव्हते आणि व्यापारी नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नव्हतं. घाऊक घेणारा माणूस चार दुकानं हिंडून भाव करतो. एकट्या बाईकडून बादल्या घ्यायला कोण एवढ्या लांब येणार? पेठेतली जुनी गिऱ्हाइकं मला फोनवर सांगायची, वहिनी, बाजार भरला की येतो.

गंमत म्हणजे गाळ्यांचे भाव मात्र दर वर्षी चढत होते. एक बादली खपत नव्हती आणि गाळ्याला दीडपट किंमत येत होती. दलाल यायचे, शटरं बंद असलेल्या गाळ्यांचे फोटो काढायचे आणि खूश होऊन जायचे. आमचे हे संध्याकाळी घरी विचारायचे, "आज काय खपलं?" मी म्हणायचे, काही नाही, पण आपण श्रीमंत झालो. ते हसायचे नाहीत, आणि मलाही ते बोलताना हसू यायचं नाही. महिनोन्महिने घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चाललं होतं.

बाकीची मंडळी पाडव्याला यायची. शटर वर करायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, मुहूर्ताची विक्री म्हणून शेजारच्याला एक मग विकायचा आणि त्याचा एक मग आपण घ्यायचा. मग माझ्या गाळ्यात चहा-पेढे, आणि दुपारच्या आत सगळे परत पेठेत. चाव्या माझ्याकडे ठेवून जायचे. वहिनी काय, इथं असतातच. एकेक करत चाळीस गाळ्यांच्या चाव्यांचा जुडगा माझ्या भिंतीवरच्या खिळ्याला लटकला. प्रत्येक चावीला आमच्याच मालातली रंगीत चकती, चकतीवर गाळ्याचा नंबर. मीटर बघायला माणूस आला की मीच शटर उघडून द्यायचे. पावसात कुणाचं छत गळलं तर पाणी मीच पुसायचे.

तर शेटेकाका सांगत होते की पाहणी म्हणजे साधीसुधी नाही. घरपोच माल पोचवणाऱ्या एका बड्या कंपनीला शहराच्या या बाजूला गोदाम हवं होतं, आणि मंडळाला आता बाजारापेक्षा गोदामाचं भाडं गोड लागायला लागलं होतं. करारात अट होती. जो गाळा वापरात नाही तो मंडळ परत घेणार, आणि निम्म्याहून जास्त गाळे बंद दिसले तर सगळंच संकुल परत घेणार.

"म्हणजे माझाही?" मी विचारलं.

"तुमचाही. इमारत गोदामाला दिली तर तुमचा एक गाळा सोडून थोडीच देणार?"

पेठेतलं दुकान गेलेलं, तिथं आता मोबाइलवाला बसत होता. हा गाळा गेला तर माझ्याकडे नुसत्या बादल्या उरणार होत्या.

काकांनी मग हळूच मूळ गोष्ट काढली. उद्या सकाळपर्यंत पेठेतून चाळीस दुकानांचा माल आणणं शक्य नव्हतं, दिवसा पेठेत मोठ्या गाड्यांना बंदी आणि एका रात्रीत एवढा माल हलणार नाही. पण माल इथं होताच की. माझा. तो सगळ्यांच्या गाळ्यांत थोडा थोडा मांडायचा, मंडळी सकाळी येऊन आपापल्या गाळ्यात बसतील, साहेब बघून जातील, झालं.

मी म्हटलं, "काका, अडीच वर्षं मी इथं एकटी बसलेय. तुम्ही सगळे खरंच आला असतात तर ही वेळ आली नसती."

"मान्य," काका म्हणाले. "उद्याचं निभावून न्या. दसऱ्याला सगळा बाजार इथं आणतो. हा माझा शब्द."

त्यांचा आधीचाही शब्दच होता. पण मी नाही म्हणून करणार काय होते? हो म्हटलं.

प्लास्टिकच्या धंद्यात सगळी खुबी एकात एक बसवण्यात असते. माणसाएवढ्या उंचीची बादल्यांची चळत दोन फरश्यांवर मावते. तीच चळत सुटी केली की खोली भरते. माझ्या एका गाळ्यातला माल सुटा करून मांडला तर चाळीस गाळे भरतील, हे काकांनी स्टुलावर बसल्या बसल्या ताडलं होतं. त्या संध्याकाळी दोन हमाल लावले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सुरू केलं. मी जुडगा घेऊन एकेक शटर उघडत पुढं, माझा माल डोक्यावर घेऊन हमाल मागं. अडीच वर्षं जाळीजळमटं धरून बसलेले गाळे लाल, निळे, हिरवे दिसायला लागले. घाईत काही भलतंच झालं. एका गाळ्यात नुसती पिंपं गेली आणि त्यांची झाकणं चार गाळे सोडून पलीकडे. एकाच्या वाट्याला फक्त लहान मुलांची पॉटं आली, तो गृहस्थ दारात बसायला लाजत होता.

राग येत होता, पण खरं सांगायचं तर तो भरलेला बाजार बघून माझे डोळेही भरून आले. हे असंच दिसायला हवं होतं, पहिल्या दिवसापासून.

माझा गाळा शेवटी लावायचा असं मी हमालांना बजावलं होतं. पुढच्या रांगेत मी टबांच्या चळती सुट्या करत असताना ते मागून शेवटची खेपही घेऊन आले. दाराला टांगलेले नमुन्याचे मगसुद्धा काढून आणले होते. मी म्हटलं, अरे, माझ्यासाठी काय ठेवलंत? म्हणाले, अध्यक्ष शेट बोलले सगळं आणा. यातलं निम्मं उचलून परत माझ्या गाळ्यात टाका, असं मी सांगत होते तेवढ्यात मागच्या बाजूला जीपचा आवाज आला.

साहेब पुढच्या फाटकातून येतील म्हणून सगळे हार घेऊन पुढं उभे होते. ते मागून आले. मागून आलं की पहिला गाळा माझा.

मी धावत पोचले तोवर साहेब माझ्या दारात उभे होते. वाळुंजकर म्हणून होते, पस्तिशीचे, चेहऱ्यानं थकलेले, बोलायला सभ्य. सोबत एक शिपाई होता. गाळ्यात मोकळी फळकुटं, एक स्टूल, देवाचं कॅलेंडर आणि माझा चहाचा कप. बाकी झाडून पुसून स्वच्छ. साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला.

"हा गाळा कुणाचा?"

"माझा. मी रोज असते इथं. अडीच वर्षं झाली."

"मग माल कुठंय?"

एव्हाना शेटेकाका हार हातात घेऊन धापा टाकत पोचले होते. त्यांच्या मागं बाकीचे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. अडीच वर्षं कुत्र्यांना वळसा घालून मी यायचं आणि बंद म्हणून नाव माझं लागायचं?

"साहेब, हा सगळा माल माझाच आहे," मी म्हणाले. "समोर दिसतोय तो सगळा."

शेटेकाका हसले. इतकं मोकळं हसले की मलाही वाटलं आपण काहीतरी चांगलं बोललो.

"बरोबर बोलतायत वहिनी. आम्ही सगळे यांच्याकडूनच माल उचलतो. जुन्या व्यापारी आहेत. कालच सगळा उचलला, म्हणून गाळा मोकळा दिसतोय."

मागं उभ्या चाळीस माना एकदम हलल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पुढचं वाक्य बोलले असते तर संकुल गोदामाला गेलं असतं, आणि त्यातच माझा गाळाही. न बोलले तर नुसता माझा जाणार. दोन्हीकडून माझंच जात होतं. रागानं माझे कान तापले, हातातला जुडगा मी इतका आवळून धरला की चकत्यांचे वळ उठले, पण शब्द काही फुटला नाही.

साहेबांनी लिहिलं, वापरात नाही. आणि पुढं गेले.

बाकीची पाहणी लग्नाच्या पंगतीसारखी झाली. प्रत्येक दारात या, बसा, थंड घेणार का. साहेबांनी एवढंच विचारलं, की सगळ्यांकडे एकाच बनावटीचा माल कसा? काका म्हणाले, बाजारच एका मालाचा आहे, साहेब. पॉटवाल्या गृहस्थांचाही फोटो निघाला.

जीप गेल्यावर मी काकांना गाठलं. त्यांनी माझ्या आधी बोलायला सुरुवात केली.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. एक गाळा बंद निघाला ते बरंच झालं. सगळेच चालू दिसले असते तर अहवाल खोटा वाटला असता."

"तो एक माझाच का?"

"अर्ज करू. माझ्यावर सोडा."

आणि घड्याळ बघून गाडीत बसले. बाकीचेही निघाले, पेठेतली दुकानं उघडायची होती. शटरं खाली झाली. एकेक जण माझ्याकडून घेतलेल्या चावीनं कुलूप लावून ती जाताना परत माझ्या हातात ठेवत होता आणि माल तुमच्या सवडीनं काढून घ्या म्हणत होता. माझाच माल, मला सवलत दिल्यासारखा. एक जण तर जाता जाता म्हणाला, "वहिनी, तेवढी पॉटं आधी न्या."

त्या रात्री आमचे हे म्हणाले, वीक तो गाळा, दर चांगला आहे. मी म्हटलं, गाळा वीक म्हणणारेच सगळे भेटतात, गाळा चालव म्हणणारा कुणी भेटत नाही. जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात आले तर माझ्या शटरवर शिपाई खळ फासत होता. वाळुंजकरसाहेब बाजूला उभे होते. गाळा वापरात नसल्यानं ताबा का घेऊ नये याचा खुलासा करावा, तोवर गाळा उघडू नये, अशी नोटीस होती. सरकारी भाषेत ते सगळं फार शांत वाटत होतं.

साहेब मात्र नोटिशीकडे बघत नव्हते. ते व्हरांड्यातून समोर बघत होते. काल गजबजलेल्या रांगेत आज एक माणूस नव्हता. चाळीस शटरं खाली, आणि कुत्री परत आपापल्या जागी येऊन झोपलेली.

"आज सगळे कुठं गेले?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून जुडगा काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चकत्यांवरचे नंबर बघितले. एक, दोन, सात, बारा. मग जुडगा हळूच माझ्या हातात परत ठेवला.

"काल तुम्ही खरं बोललात," ते म्हणाले.

"अर्धंच बोलले. पुढचं बोलवलं नाही."

"ताई, अहवाल काल संध्याकाळीच वर गेला. माझ्या सहीचा. आता मी कितीही सांगितलं तरी कागदावर बाजार भरलेला आहे."

"आणि मी?"

ते जीपकडे वळले. खळीची बादली शिपायानं उचलली. ती बादली आमच्याच मालातली होती, हे त्या घटकेलाही माझ्या लक्षात आलं. जीप गेली.

मी व्हरांड्यात खाली बसले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही, नुसता संताप येत होता. टायवाल्याचा, लाल बाणांचा, काकांच्या शब्दाचा, माझ्या स्वतःच्या टाळ्यांचा. माझा माल होता आणि गाळा नव्हता. त्यांचे गाळे होते आणि माल नव्हता. आणि दोन्हींच्या चाव्या माझ्या मांडीवर पडल्या होत्या.

कागदावर बाजार भरलाय ना, मी स्वतःशीच म्हटलं. मग भरू दे.

मी उठले आणि पुढच्या रांगेचं पहिलं शटर वर केलं. मग दुसरं. गंजलेली शटरं, पायानं धक्का देऊन, पदर खोचून, एकामागून एक. कुत्री वैतागून उठून गेली. सवडीनं माल काढून घ्या म्हणाले होते, तर मी सवडीनं काढणार होते, गिऱ्हाइकाच्या हातानं. दमून शेवटचं शटर वर करेपर्यंत रस्त्याच्या बाजूनं सगळा बाजार उघडा पडला होता, लाल, निळा, हिरवा. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतली माणसं मान वळवून बघायला लागली. इतके दिवस त्यांना इथं बाजार आहे हेच दिसलं नव्हतं.

माझा गाळा परत मिळवायला पुढं मला किती खेटे घालावे लागले, आणि दसऱ्याच्या कितीतरी आधी शेटेकाका सगळ्यांना घेऊन कसे धावत आले, तो सगळा वेगळा इतिहास आहे. काका अजूनही सांगतात, बाजार त्यांनी आणला. मला आठवतो तो त्या दिवशीचा पहिला टेम्पो. उरुळीकडचा मांडववाला होता, लग्नसराईसाठी टब आणि पिंपं हवी होती. खाली उतरून त्यानं रांगेवरून नजर फिरवली. चाळीस दुकानं उघडी आणि विकायला एकच बाई, ते त्याला जरा विचित्र वाटलं असावं. मी पिंपं एका गाळ्यातून काढली आणि झाकणं आणायला चार गाळे पलीकडे पळाले. टब तिसऱ्याच ठिकाणाहून आणले. तो माझ्या मागं मागं फिरत होता. भाव ठरला, माल टेम्पोत चढला.

निघताना त्यानं विचारलं, "ताई, पुन्हा यायचं तर यातलं तुमचं दुकान कोणतं?"

मी मागं बघितलं. कोपऱ्यातल्या शटरवर नोटिशीची खळ अजून वाळली नव्हती.

"ते कोपऱ्यातलं सोडून," मी म्हणाले, "बाकीची सगळी."